भिगवणला दोघांनी जाताना

भीमा नदीवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा मागे भिगवण, डिकसळ, कुंभारगावपर्यंत पसरला. या उथळ, गाळाच्या पाण्यावर थंडीत हजारो पक्षी उतरतात. पुण्याहून सोलापूर रस्त्याने हे अंतर साधारण शंभर किलोमीटर. पहाटे निघून रात्री घरी परतता येते. त्यामुळे हौशी जोडप्यांना दिवसभरासाठी ही जागा सोयीची पडते. सकाळी पक्षी पाहायचे, वाटेत शेंगा, गवत, तुरे जमवायचे आणि त्यांतून शोभेच्या वस्तू करायच्या, असा बेत सहज आखता येतो. मात्र हे दोन छंद एकमेकांच्या आड येतात. जमवाजमव करणाऱ्याची नजर जमिनीवर असते आणि पावले पाण्याच्या कडेला वळतात; नेमके त्याच कडेला पक्षी चरत असतात. म्हणून आधी पक्षी, मग हस्तकला, हा क्रम मोडू नये.

डिसेंबरात गेले की रोहित म्हणजे फ्लेमिंगो दिसणारच, अशी पुष्कळांची समजूत असते. ते सारे पाण्याच्या पातळीवर ठरते. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि गाळपाण्यातले सूक्ष्म जीव व शेवाळ गाळून खातो. त्यासाठी त्याला उथळ पाणी लागते. पाऊस चांगला होऊन धरण काठोकाठ भरले असेल, तर तसा उथळ भाग तयार व्हायला जानेवारी, कधी फेब्रुवारीही उजाडतो. कुंभारगावच्या एखाद्या नावाड्याला आधी फोन करून पाणी किती उतरले एवढे विचारले, तरी हेलपाटा वाचतो. रोहित नसले म्हणून दिवस वाया जात नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हिमालय ओलांडून इथे येतो. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, कुरव, चित्रबलाक, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या हेही असतातच. फक्त रोहितासाठी आलेली माणसे यांच्याकडे पाहतही नाहीत, याचे वाईट वाटते.

नाव थव्याच्या जवळ जाऊ लागली की पक्ष्यांकडे नीट लक्ष द्यावे. आधी कडेचे दोन-चार रोहित चरायचे थांबून माना वर काढतात. मग एकेक करत सगळ्या माना वर होतात, थवा दाटतो आणि एका दिशेने चालू लागतो. पुढची पायरी उड्डाणाची. रोहिताला उभ्या जागेवरून उडता येत नाही. पाण्यावर बरीच पावले धावून मगच तो वर उठतो. त्यात त्याची ताकद जाते आणि चरण्याचा वेळही. पंख उघडले की आतला लाल-काळा रंग दिसतो, फोटो देखणा येतो, आणि म्हणूनच ‘जरा उडवा की’ अशी फर्माईश नावेतून होते. पहिल्या माना वर झाल्या की नाव थांबवावी. नावाडी पुढे जातो तो गिऱ्हाइकाच्या हौसेखातर. तेव्हा ‘दादा, इथंच थांबू’ हे गिऱ्हाइकानेच म्हणायला हवे. नाव स्थिर राहिली तर थोड्या वेळाने माना पुन्हा पाण्यात जातात आणि पक्षी आपल्या चालीने सरकत जवळही येतात.

पाणी शांत दिसले तरी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नावेत बसू नये. मे 2024 मध्ये याच जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी नाव वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. थंडीत अशी वादळे क्वचित होतात, पण जलाशय तोच. फोटोसाठी दोघांनी एकाच वेळी एका बाजूला झुकणे टाळावे. सकाळचा वारा बोचरा असतो. कानटोपी आणि अंगावर दोन पदर हवेत.

नावेतून उतरल्यावर शिंपले वेचायला काठाने चालण्याचा मोह होतो. उतरत्या पाण्याने उघडा पडलेला गाळ वरून तडकलेला, टणक दिसतो. पाय पडला की आत रुततो. शिवाय पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून या जलाशयात येते. त्यामुळे इथली माती किंवा जलपर्णी हस्तकलेसाठी घ्यायची तर हातमोजे घालावेत आणि साबणाने हात धुतल्याखेरीज डब्याला हात लावू नये. काठावरच्या घट्ट ओल्या मातीत शेकाट्याचे ठसे उमटलेले असतात. पक्षी दूर गेलेले असताना त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतले, तर तीन बोटांचा स्वच्छ साचा मिळतो. शिंपल्यांनी भरलेल्या बरणीपेक्षा ही वस्तू कितीतरी सरस.

पडलेली पिसे उचलू नयेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत वन्य पक्ष्यांची पिसे, अंडी आणि घरटीही येतात. मोराच्या शेपटीच्या पिसांना तेवढी सवलत आहे. बर्ड फ्लूसारख्या रोगाचा धोका वेगळाच. पीस जागेवर ठेवून त्याचे चित्र काढावे. सुगरणीची रिकामी घरटीही घराच्या शोभेसाठी तोडली जातात. सुगरणीची वीण पावसाळ्यात होते, थंडीत घरटी ओस वाटतात. पण छोट्या चोचीच्या मुनिया त्याच जुन्या घरट्यांत राहतात, अंडीही घालतात. ती तशीच लोंबू द्यावीत.

जमवाजमव दुपारी, पाण्यापासून दूर, रस्त्याकडेला करावी. बाभळीच्या मण्यांच्या माळेसारख्या शेंगा, शिरीषाच्या खुळखुळणाऱ्या शेंगा, शेतकऱ्याला विचारून घेतलेले उसाचे तुरे, एवढ्यावर सुंदर तोरण होते. रुईच्या शेंगा पूर्ण वाळलेल्याच घ्याव्यात. हिरवी शेंग मोडली की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. अशा वेळी डोळा भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टर गाठावा. गुंजेच्या लाल-काळ्या बिया मण्यांसाठी भुरळ घालतात, पण त्यात जालीम विष असते. भोक पाडताना उडणारी पूडही घातक, म्हणून त्या ओवण्याच्या फंदात पडूच नये. घाटमाथ्याकडे जाणाऱ्यांनी खाजकुइलीची मखमली शेंग ओळखायला शिकावे; तिची लव कपड्यांना लागली की खाज सगळ्या अंगभर पसरते. कुसळी गवताची कुसळे मोज्यांतून थेट कातडीत घुसतात, त्यासाठी बूट आणि जाड पँट हवी.

पाणकणसाचा मान या सगळ्यांत वरचा, आणि फसगतही त्याचीच जास्त. तपकिरी, मखमली कणीस फुलदाणीत राजस दिसते. ते पुरते पिकलेले असेल, तर बंद खोलीच्या उबेत दोन-चार दिवसांत आपोआप फुटते. आधी एका बाजूने चीर पडते, मग तिथून कापूस फुगून बाहेर येतो आणि पंख्याची झुळूक लागली की तो पडद्यांवर, गादीवर, स्वयंपाकघरात सगळीकडे जातो. झाडायला गेले की आणखी उडतो. ओल्या फडक्यानेच तो गोळा करावा लागतो. म्हणून बोटाने दाबल्यावर कडक लागणारे, वर नरफुलांची काडी अजून टिकून असलेले कणीस निवडावे, रस्त्याकडेच्या चरीतले एखाद-दुसरेच कापावे आणि घरी आणल्याबरोबर त्यावर व्हार्निशचे दोन पातळ हात फवारावेत. काठावरच्या दाट पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या राहतात, तिथे कोयता लावू नये.

शेंगांवर बारीक भोके दिसली तर आत किडे असतात; अशा शेंगा तिथेच टाकाव्यात आणि बाकीच्या पिशवीत बांधून दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. पाने व गवत वर्तमानपत्रात दाबून ठेवावे आणि पहिले चार दिवस कागद रोज बदलावा, नाहीतर बुरशी धरते. पक्ष्यांची यादी परतीच्या वाटेवरच, एकाने गाडी चालवताना दुसऱ्याने, तारीख, ठिकाण आणि पाण्याच्या पातळीसह लिहून काढावी. पुढच्या वर्षी कधी जायचे हे त्या नोंदीवरूनच ठरवता येते.