पगाराचं कूळ

वसई



स्पर्धा परीक्षेसाठी तू लॅटिन धातूंच्या याद्या पाठ करतेस, ते चांगलंच. पण धातू कळला म्हणजे शब्द कळला, असा समज त्या याद्यांनी होतो, आणि तिथे मी तुला अडवतो. ‘पाकारे’ घे. ‘पाक्स’ म्हणजे शांतता, त्यावरून ‘पाकारे’ म्हणजे शांत करणं. ज्यूलियस सीझर हाच धातू तलवारीने जिंकलेल्या गॉलसाठी वापरतो; म्हणजे ही शांतता तेव्हाही फारशी सोज्वळ नव्हती. पुढे घेणेकऱ्याला शांत करणं, अर्थात त्याचं देणं चुकतं करणं, असा अर्थ रूढ झाला. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, आपण तहान भागवतो तसं देणंही भागवतो. जुन्या फ्रेंचमधून हा धातू इंग्रजीत ‘पे’ झाला, पोर्तुगीजमध्ये ‘पागार’, आणि तिथून आपला ‘पगार’. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९. किल्ला चिमाजी अप्पांनी काढून घेतला, पगार मात्र मराठीने आपणहून ठेवून घेतला. ठेवताना त्याचं रूप पालटलं: तिकडे ते क्रियापद, कुठलंही देणं चुकवण्याचं, इकडे नाम, तेही नोकरीच्या पैशापुरतं. इंग्रज भाजीवाल्याला ‘पे’ करतो, आपण भाजीवाल्याला पगार देत नाही. हा फरक धातूत शोधून सापडणार नाही, तो वापरणाऱ्यांनी केला.

मग मूळ शिकायचंच कशाला, असं तू विचारशील. नातं दिसावं म्हणून. ‘पीस’, ‘पॅसिफाय’, ‘अपीज’, ‘पे’ एका ओळीत मांडले की विसरत नाहीत. पण ‘अपीज’ला आज जो लाचारीचा वास येतो, तो मुख्यतः १९३८ च्या म्युनिक कराराने आणला, यादी तो सांगणार नाही. मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असं बजावणारेही भेटतील. ते हमखास ‘सॅलरी’चा दाखला देतात. तिचं नातं ‘साल’ म्हणजे मिठाशी आहे, हे बरोबर. पण रोमन सैनिकांना वेतन मिठात मिळे, असं कुठल्याही प्राचीन लेखकाने स्पष्ट लिहिलेलं नाही. (मिठागरांच्या आपल्या तालुक्यात ही गोष्ट जरा जास्तच रुचते!) आणि ती खरी ठरली, तरी आजच्या ‘सॅलरी’त मिठाचा खडा नाही. तेव्हा यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे धातूबरोबरच वर्तमानपत्रातलं एक वाक्य लिहून ठेव. दोघांचं पटलं नाही, तर वाक्याचं ऐक.

तुझा मामा