दूरचा बाजार आणि आपल्या घराच्या भिंती



एखाद्या वर्षी कापसाला बरा भाव मिळाला की आपल्याकडे घराचा पाया खणला जातो. पुढच्या वर्षी भाव पडला की भिंती स्लॅबविना उभ्या राहतात आणि कर्ज मात्र वाढत जाते. भाव चढण्या-पडण्याचे कारण पुष्कळदा समुद्रापलीकडे असते. हे कसे घडते ते एका जुन्या उदाहरणावरून पाहू.

मुंबईत काय झाले?

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तोवर इंग्लंडच्या गिरण्या बहुतेक अमेरिकन कापसावर चालत. तो अडताच हिंदुस्थानच्या कापसाचे भाव भडकले व मुंबईत पैशाचा पूर आला. कामासाठी माणसे तिकडे लोटली, भाडी चढली, समुद्र बुजवून जमीन करण्यासाठी कंपन्या निघाल्या. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आले आणि भाव कोसळला. कंपन्या बुडाल्या, प्रेमचंद रायचंदांसारखे बडे व्यापारीही कोसळले. १८७२ मध्ये वस्ती ६,४४,४०५ एवढीच उरली. या घटीला इतरही कारणे असतील. पण काम सरले की माणूस जातो व खोली रिकामी पडते, हे त्यातून दिसते.

आपल्या काळात

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन गोष्टी घडल्या. १९ तारखेपासून आपल्या सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काढले. ही सूट पुढे डिसेंबरअखेर वाढवली. गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा हा हेतू होता; पण आपली वेचणी नेमकी त्याच महिन्यांत असते. २७ तारखेपासून अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या तयार कपड्यांसह बऱ्याच मालावर ५० टक्के जादा जकात बसवली.

आता साखळी पाहा. कपड्यांची मागणी घटली की सूत कमी लागते, मग रुईच्या गाठी पडून राहतात आणि जिनिंगवाला कापूस कमी भावाने मागतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला नाही की जिनिंगच्या हमालाचे, वेचणाऱ्या बाईचे व गवंड्याचे काम घटते. शेवटी घराचे बांधकाम थांबते.

आपण काय करावे?

१. एका वर्षाच्या भावावर घरासाठी कर्ज काढू नये. तीन-चार वर्षांच्या भावाची सरासरी धरून हप्ता ठरवावा.

२. घर टप्प्याटप्प्याने बांधावे. हातात असेल तेवढेच काम काढावे.

३. हमीभावाचा आधार सोडू नये. २०२५-२६ साली लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव होता. मात्र ओलावा ८ टक्क्यांवर गेला की पैसे कापले जातात, १२ च्या वर गेला तर सरकारी खरेदीत माल परत येतो. म्हणून कापूस उन्हात वाळवूनच न्यावा.

४. कापसात तुरीच्या ओळी घ्याव्यात. एका पिकाचा भाव पडला तरी दुसऱ्याचा आधार राहतो.

५. चांगल्या वर्षी सावकाराचे देणे आधी फेडावे, पाया नंतर खणावा.

समुद्रापलीकडचा भाव आपल्या हातात नाही, पण कर्जाचा आकडा आहे. या हंगामात कापूस विकण्याआधी घरातील सर्वांनी, बायकांनीसुद्धा, एकत्र बसून हा हिशेब कागदावर मांडावा.