मोशे रब्बेनूंची जड जीभ



शेमोथ ही पाराशा आपण दरवर्षी ऐकतो. झुडूप जळते पण भस्म होत नाही, हा चमत्कार लहान मुलांनाही ठाऊक असतो. परंतु त्या झुडपापाशी जो वाद झाला, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. परमेश्वर म्हणतो जा, आणि मोशे रब्बेनू पाच वेळा आढेवेढे घेतात. मी असा कोण लागून गेलो? तुझे नाव काय सांगू? लोक माझे खरे मानणार नाहीत. माझे तोंड जड, जीभ जड. आणि सरतेशेवटी, दुसऱ्या कोणाला तरी पाठव.

ही जीभ जड म्हणजे नेमकी कशी? राशी म्हणतात, मोशे तोतरे होते. इब्न एज्रा म्हणतात, काही अक्षरे त्यांना नीट उच्चारता येत नसत. पण राशींचे नातू रब्बी शेमुएल बेन मेईर, ज्यांना रश्बाम म्हणतात, त्यांना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की मोशे तरुणपणी मिसर देश सोडून पळाले, आता वय झाले ८०, तेव्हा दरबारची मिसरी भाषा त्यांना सफाईने येत नव्हती. उलपानच्या बाकावर पन्नाशीत बसलेल्या माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही!

तरी मला वाटते, जीभ जड होण्याआधी मन जड झाले होते. ‘मोशे भ्याले’ असे तोरात प्रथम येते ते फारोपुढे नव्हे. दोन इब्री माणसे भांडत होती, मोशे सोडवायला गेले, तर त्यांतला एक उलटून म्हणाला, तुला आमच्यावर कोणी नेमले? आपल्याच माणसाने त्यांना परके ठरवले. पुढे मिद्यानात विहिरीवरच्या मुलींनी बापाला सांगितले की एका मिसरी माणसाने आम्हांला सोडवले. इकडे इब्री नाही, तिकडे मिसरी. मुलाचे नाव गेर्शोम ठेवले, त्यातही परकेपणच आहे.

ह्या प्रश्नाची धार आपल्या समाजाला नवी नाही. १९६२ साली चीफ रब्बिनेटच्या आदेशाने विवाहापूर्वी बेने इस्राएलांच्या पूर्वजांची चौकशी सुरू झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक यरुशलेमात धरणे धरून बसले, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतरांसारखेच यहुदी आहेत असा ठराव केला. धरणे धरणाऱ्यांत तोडक्यामोडक्या हिब्रूचे कितीतरी असतील. व्याकरण सुधारेपर्यंत ते घरी थांबले नाहीत.

असो. परमेश्वराने मोशेंची जीभ तिथल्या तिथे बरी केली नाही. रागावला, पण अहरोनला सोबत दिले. पहिल्या तीन पीडांच्या वेळी काठी अहरोनच्या हातात आहे. गारा, टोळ आणि अंधार येतात तेव्हा मोशेंचा स्वतःचा हात पुढे झालेला दिसतो. पुढे सोन्याच्या वासराच्या वेळी तर अहरोनच चुकलेला. तेव्हा लोकांसाठी परमेश्वराशी भांडायला मोशे एकटेच उभे राहिले.

माझाही एक अहरोन होता. आम्ही भारतातून आलो तेव्हा माझा मुलगा ९ वर्षांचा. तो सहा महिन्यांत हिब्रू बोलू लागला आणि मी त्याला दवाखान्यात, कचेरीत, सगळीकडे पुढे करू लागलो. एकदा एका कचेरीतल्या बाईने माझ्याकडे न पाहताच त्याला विचारले, तुझे वडील बहिरे आहेत का? मी समजलो होतो. उत्तर मात्र त्यानेच दिले.

अहरोन होर पर्वतावर ४० व्या वर्षी, पाचव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला वारला. देवारीम उघडून पाहा: मोशे बोलू लागतात ती तारीख त्याच वर्षाच्या अकराव्या महिन्याची पहिली. मध्ये सहाच महिने. भाऊ गेल्यावर सहा महिन्यांनी, १२० वर्षांचा तो जड जिभेचा माणूस साऱ्या इस्राएलापुढे उभा राहतो, आणि जवळजवळ अख्खे पुस्तक त्याच्याच तोंडचे आहे. मिद्राश म्हणते, तोरामुळे त्यांची जीभ बरी झाली. असेल. बरी झाली म्हणून बोलले की बोलता बोलता बरी झाली, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

कारण नातवाच्या बार मित्स्वाला माझा अहरोनही नव्हता. मुलाला त्याच आठवड्यात मिलुईमला बोलावणे आले, आणि जेवणाच्या वेळी हज्जान माझ्याकडे वळले. चार हिब्रू वाक्ये मी देवनागरीत लिहून खिशात ठेवली होती. पहिले वाचले, दुसऱ्यात अडखळलो, मुलांच्या टेबलावरून हसू आले. पाय थरथरत होते. कागद खिशात घातला आणि जमेल तसे, निम्मे हिब्रू निम्मे मराठी, बोलू लागलो.

सांगितले ते माझ्या आजोबांविषयी. रेवदंड्याजवळच्या गावात त्यांचा तेलाचा घाणा होता. गिऱ्हाईक दारात उभे असले तरी शब्बाथला बैल जुंपायचा नाही, म्हणून गाव आम्हांला शनवार तेली म्हणे. नातवाला ह्यातले काही माहीत नव्हते. कसे असणार? माझ्या वतीने मुलगा बोलत आला, आणि मुलाला मी हे कधी सांगितलेच नव्हते.

नातवाने मधेच विचारले, सब्बा, घाणा म्हणजे काय? त्याला हिब्रूत काय म्हणतात ते मला तेव्हा आठवेना. मग मी टेबलाभोवती, मान खाली घालून, बैलासारखी एक फेरी मारली. तो उठला आणि माझ्यामागे चालू लागला.