घरगुती ब्यूटी पार्लर बंद करताना

सुरतेच्या डिंडोली परिसरात खानदेशातून कामधंद्यासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. अशा वस्त्यांत घराच्या पुढच्या खोलीत आरसा आणि खुर्ची मांडून ब्यूटी पार्लर चालविणाऱ्या भगिनींना कधी प्रकृतीमुळे, तर कधी नियमित पगाराची नोकरी मिळाल्यामुळे तो व्यवसाय आवरता घ्यावा लागतो. पाटी उतरविली की व्यवसाय संपला, हा समज मात्र महागात पडतो.

समाप्तीची वेळ विचारपूर्वक निवडावी. चातुर्मासात विवाह थांबत असल्याने वधूशृंगाराची मागणी ओसरते व तुळशीविवाहानंतर ती पुन्हा वाढते. सबब, पुढील हंगामाचा विसार स्वीकारण्यापूर्वीच निर्णय जाहीर करणे हितावह होय. घेतलेला विसार परत करावा, अथवा ग्राहकाच्या संमतीने काम दुसऱ्या कुशल भगिनीकडे सोपवावे. ऐन हळदीच्या दिवशी वधूचा विरस झाल्यास त्याचा बोभाटा थेट गावाकडे पोहोचतो!

सन २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील ५०,००० रुपयांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज तारणाविना मिळते. तथापि व्यवसाय बंद झाला म्हणून ते देणे संपत नाही. हप्ते थकविण्यापूर्वी बँकेशी बोलावे व कर्ज फिटताच बेबाकी दाखला घ्यावा. उद्यम नोंदणी असल्यास तीही रद्द करून घ्यावी.

खुर्ची, वाफेचे यंत्र यांना गिऱ्हाईक मिळते. उघडलेली प्रसाधने मात्र स्वस्तातही विकू नयेत. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. मोठ्या पार्लरमध्ये नोकरीसाठी अथवा मुलींना ही कला शिकविण्यासाठी ती उपयोगी पडतात.