खिडकीची काच आतून पुसणं: काम शिकूया, दर ठरवूया



तालुक्याच्या गावात आता बँक, दवाखाना, पार्लर, मंगल कार्यालय, नवे फ्लॅट, जिकडे बघाल तिकडे सरकत्या काचा. त्या नीट पुसून देणारं माणूस मात्र लवकर मिळत नाही. म्हणून काही गटांकडे या कामाची विचारणा येऊ लागली आहे. बैठकीत विषय काढला की एक तरी मावशी म्हणतेच, "काच पुसायला काय शिकायचं? घरी करतोच की." खरं आहे. पण घरची काच आपणच पुसतो आणि आपणच बघतो. पैसे देणारा माणूस तिरकं उभं राहून, उन्हाच्या उजेडात बघतो. फराटे तेव्हाच दिसतात.

आधी एक गोष्ट पक्की करा. आपण फक्त आतली बाजू घ्यायची. वरच्या मजल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर चढून, हात बाहेर काढून पुसायला कुणी सांगितलं, तर सरळ नाही म्हणायचं. ग्राहक गेला तरी चालेल.

आतला मळ वेगळा असतो

बाहेरच्या काचेवर धूळ आणि पावसाचे डाग असतात. आत फोडणीचा तेलकट थर, उदबत्तीचा धूर, मुलांच्या बोटांचे ठसे आणि पंख्यानं उडवलेली बारीक धूळ असते. म्हणून नुसत्या पाण्यानं काम होत नाही. अर्धी बादली पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. जास्त टाकलं की फेस होतो, फेस वाळला की पांढरट थर राहतो आणि तोच पुसत बसावं लागतं. स्वयंपाकघरातल्या खिडकीला पाणी कोमट घ्या आणि लावल्यावर मिनिटभर थांबा. स्टिकर किंवा चिकटपट्टीचा चिकटा राहिला असेल तर खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवा, मग साबणाचं पाणी.

बोअरचं पाणी वापरू नका. क्षार असतात, काच वाळली की ठिपके उमटतात. साठवलेलं पावसाचं पाणी किंवा फिल्टरचं पाणी चांगलं. एका खोलीला बादलीभरही लागत नाही.

साहित्य

रबराचा काचेचा वायपर (दहा ते चौदा इंची), पाणी लावायला केसाळ कापड किंवा स्पंज, रंगाचा जुना ब्रश, बादली आणि चार-पाच कोरडी फडकी. फडकं नवं नको, त्याचे तंतू काचेला चिकटतात. धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा सुती लुगडं सगळ्यात भारी. मायक्रोफायबर घेतलंत तर धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, त्याचा थर काचेवर येतो. वर्तमानपत्रानं काच चकचकीत होते हे खरं, पण शाई पांढऱ्या फ्रेमला लागते आणि मग फ्रेम घासावी लागते.

वायपर घेताना रबराच्या कडेवरून नख फिरवा. कुठे खाच लागली तर तो घेऊ नका. एक खाच म्हणजे प्रत्येक ओढीला एक रेघ. रबर झिजलं की काढून उलटं बसवता येतं, दुसरी कड कोरी असते. आज जो हलका पितळी वायपर जगभर वापरतात, तो एत्तोरे स्टेकोने या माणसानं बनवला. इटलीतून अमेरिकेत गेलेला, स्वतः खिडक्या पुसून पोट भरणारा. १९३६ साली त्यानं पेटंट घेतलं. हत्यार कसं हवं हे ते रोज हातात धरणाऱ्यालाच कळतं, हे मला यात फार आवडतं.

आता काम

पंखा बंद. पडदा वर बांधून ठेवा. काचेवर ऊन असेल तर दुसरी खिडकी आधी घ्या, उन्हात साबण वाळून जातो. खाली जाडसर चादर टाका, पण गुळगुळीत फरशीवर ती ओली होऊ देऊ नका, पाय घसरतो. कट्ट्यावर एक टॉवेल ठेवा.

पहिल्यांदा ट्रॅक, तोही कोरडा. ब्रशनं धूळ बाहेर ओढून घ्या. आधीच पाणी घातलंत तर चिखल होतो आणि कोपऱ्यातून निघता निघत नाही. ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी जायची छोटी भोकं असतात, आतून हात पोचत असेल तर काडीनं मोकळी करा. ती बुजली की पावसाचं पाणी घरात येतं. हे काम ग्राहकाला दाखवून करा, लोकांना ठाऊकच नसतं. सरकती काच मात्र ट्रॅकमधून उचलून काढायची नाही. जड असते, हातातून सुटते.

मग फ्रेम पुसा आणि शेवटी काच. कापड पिळूनच पाणी लावा. आतल्या कामात ओघळ म्हणजे भिंत खराब, सोफा खराब. बटणाच्या बोर्डाजवळ फवारा मारू नका, कापडावर घेऊन लावा.

पुढची पायरी घाईत सगळ्या सोडतात. काचेची वरची कड बोटभर रुंदीची कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. वायपर त्या कोरड्या पट्टीवर टेकवा आणि एका दमात खाली ओढा. ओल्या जागेवर टेकवलात तर पहिल्याच इंचात पाणी रबराच्या मागे राहतं आणि खालपर्यंत रेघ येते. वायपर जरा तिरका धरा, म्हणजे पाणी अजून पुसायच्या ओल्या बाजूकडे जाईल. दुसऱ्या हातातलं फडकं वायपरच्या खालीच चालत ठेवा. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसा. दर वेळी. पुढची ओढ आधीच्या पट्ट्यावर दोन बोटं चढवून घ्या. तळाशी पोचायच्या बोटभर आधी थांबा आणि उरलेलं पाणी फडक्यानं टिपा. शेवटी चारही कडा कोरड्या. मधली काच कुणीही चमकवतं, ग्राहकाचं बोट कोपऱ्यात जातं.

डाग जात नसेल तर ओलं बोट फिरवून बघा. काहीच फरक नाही? मग तो बाहेरून आहे. ग्राहकाला तेव्हाच दाखवा, नंतर वाद नको.

हे करू नका

काळी किंवा आरशासारखी फिल्म बहुतेक आतूनच लावलेली असते. तिच्यावर पाती नको, अमोनियाचं लिक्विडही नको, नाहीतर फिल्म खराब होते. काचेच्या कोपऱ्यात छोटा शिक्का असेल तर ती टफन काच. तिच्यावर कारखान्यातच काचेचे बारीक कण चिकटून राहिलेले असू शकतात. रंगाचे थेंब काढायला पाती लावली की तेच कण ओढले जाऊन ओरखडे पडतात. सिमेंटच्या डागांसाठी टाइल्सचं ॲसिड बंद खोलीत वापरायचं नाही. वाफ छातीत जाते, ॲल्युमिनियमही खराब होतं. क्षाराच्या ठिपक्यांना व्हिनेगर चालतं, पण संगमरवरी किंवा कडाप्प्याच्या कट्ट्यावर सांडू देऊ नका, तिथली चकाकी जाते. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही, कुठेही एकत्र नको. त्यातून विषारी वायू निघतो.

ओरखडे कुणाचे?

एका नव्या इमारतीत आपल्या दोन सख्यांनी दिवसभर काम केलं. दुसऱ्या दिवशी मालकानं काचेवरचे ओरखडे दाखवले आणि सगळे पैसे अडवले. सख्या म्हणाल्या, ते आधीपासून होते. मला त्यांचं खरं वाटतं. रंगारी-गवंडी कोरडं सिमेंट खरवडतात हे आपण बघतोच. पण दाखवायला हातात काहीच नव्हतं.

म्हणून आत गेल्यावर बादली भरायच्या आधी मोबाईल काढायचा. प्रत्येक काचेचा तिरक्या उजेडात फोटो काढा. तडा, ओरखडा, सैल रबर, उचललेली फिल्म, जे असेल ते मालकाला दाखवा आणि वहीत लिहून सही घ्या. तिथेच काचांची संख्या, दर आणि पैसे कधी मिळणार तेही लिहा. कुणी "एवढ्याशा कामाला सही?" म्हणून हसेल. हसू द्या. घरात जाताना नेहमी दोघी जा. कपाट, देव्हारा, फोटो यांना मालकिणीला विचारल्याशिवाय हात लावू नका.

दर

दर खोलीवर नाही, काचेवर सांगा. हिशोब असा. समजा निंदणीची मजुरी दिवसाला ३०० रुपये आहे. दोघींचा अर्धा दिवस, येणं-जाणं धरून, म्हणजे ३०० रुपये. एसटीचं अर्धं तिकीट, रिक्षा मिळून ८०. साहित्याची झीज ४०. झाले ४२०. त्यावर गटाच्या खात्याला दहा टक्के, म्हणजे ४२. एकूण ४६२. काचा २० असतील तर एका काचेला २३ रुपये पडतात, तेही निंदणीच्याच मजुरीनं, शिकलेल्या हाताचं मोल न धरता. कुणी "काचेला दहा देतो" म्हणालं, तर तुम्ही घरचे पैसे घालून त्याची खिडकी पुसताय. रंगाचे थेंब, तेलकट थर, पहिल्यांदाच होणारी सफाई, याचा दर वेगळा सांगा, आणि तो काम बघून सांगा, फोनवर नाही.

काम सुरू करायच्या आधी बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरला आहे का ते प्रत्येकीनं तपासा. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात, वय १८ ते ७० चालतं, अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख मिळतात. खात्यात मे अखेरीस तेवढे पैसे असू द्या, हप्ता तेव्हाच कापतात.

सरावाला मोठी खिडकी लागत नाही. पुढच्या बैठकीला वायपर आणि दोन फडकी घेऊन या, जिथे बसाल तिथलीच एक काच घ्या. एकीनं पुसायची, बाकीच्यांनी तिरकं उभं राहून फराटे शोधायचे.