गाडीचें पाणी जातें कोठें ?

मोटारीच्या इंजिनाला पाणी लागतें, हें बहुतेकांस ठाऊक असतें; तें कां लागतें, असें विचारलें म्हणजे मात्र पुष्कळांचीं उत्तरें अर्ध्यावर थांबतात. सिलिंडरांत पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा थोडाच अंश चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. एक मोठा भाग धुराबरोबर निघून जातो, आणि दुसरा इंजिनाच्या धातूंत शिरतो. ही दुसरी उष्णता वाहून नेणें हें पाण्याचें काम. पंप तें पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरवितो. तापलेलें पाणी रेडिएटरांत येतें, तेथील बारीक नळ्यांतून जातांना वाऱ्यानें निवतें, आणि पुन्हां इंजिनाकडे वळतें. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्यानें १९०० सालीं मर्सिडीज गाडीसाठीं तयार केला. पाणी खेळवून इंजिन थंड ठेवण्याचें तत्त्व आजही तेंच आहे.

विद्यार्थिमित्रहो, हें लिहिण्यास निमित्त झाली आमच्या वसतिगृहाची जुनी व्हॅन. तिचें इंजिन पुढील बैठकीच्या खालीं आहे. आजारी मुलांस दवाखान्यांत नेणें, परीक्षेच्या केंद्रावर पोंचविणें, बाजार आणणें, हीं सर्व कामें ती वीस वर्षांहून अधिक काळ करीत आली आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर एके सायंकाळीं घाट चढतांना तिचा उष्णतेचा कांटा तांबड्या रेषेवर गेला. आंत सात मुलें होतीं. दुसरी गाडी येईपर्यंत त्यांस दोन तास रस्त्याच्या कडेला बसून राहावें लागलें.

दुसऱ्या दिवशीं मीं चालकदादांस विचारलें, "तुम्ही पाणी पाहतां कीं नाहीं ?" ते म्हणाले, "सर, रोज सकाळीं पाहतों. दर दोन दिवसांनीं अर्धा लिटर घालावें लागतें." परंतु गाडी उभी असे त्या फरशीवर ओलाव्याचा एक डागही नव्हता. पाणी जातें, आणि तें कोठें पडत नाहीं, हें मला खरें वाटलें नाहीं. तसें मीं चार लोकांसमक्ष बोलूनही दाखविलें.

नंतर एका कारागिरानें गाडी पाहून निदान केलें, कीं हेड गॅस्केट गेलें असून इंजिन उघडावें लागेल. खर्चाचा आंकडा असा होता, कीं गाडी विकून टाकावी असा विचार सुरू झाला. त्या निदानास आधार नव्हता असें नव्हे. सिलिंडर आणि त्यांवरील झांकण यांच्या मध्यें जें पातळ गॅस्केट असतें, तें फाटलें म्हणजे पाणी सिलिंडरांत शिरतें व वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातें. जमिनीवर कांहींच पडत नाहीं. पण आधार असणें निराळें आणि पुरावा असणें निराळें. गॅस्केटची परीक्षा इंजिन न उघडतांही करतां येते, म्हणून दहावीच्या कांहीं मुलांस घेऊन मीं ती करावयाचें ठरविलें.

सकाळीं इंजिन पूर्ण थंड असतांना आम्हीं रेडिएटरचें टोपण काढलें व मग इंजिन सुरू केलें. गॅस्केट फाटलेलें असेल तर जळलेला वायु पाण्यांत शिरतो आणि तोंडाशीं बुडबुडे सारखे येत राहतात. ते आले नाहींत. तेलाच्या टोपणाखालीं दुधाळ साय नव्हती. सायलेन्सरांतून पांढरा धूर निघत नव्हता. प्रयोगशाळेंत ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचें निळें द्रावण तुम्हीं पाहिलेंच आहे. रेडिएटरच्या तोंडाशीं जमलेली हवा त्यांतून सोडली. जळलेल्या वायूंतील कार्बन डायऑक्साइड त्यांत असता तर द्रावण पिवळें पडतें. तें निळेंच राहिलें. एवढ्यावरून गॅस्केट निर्दोष आहे असें शंभर टक्के ठरत नाहीं. तरी इंजिन उघडण्याची घाई करूं नये, इतकें ठरलें.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्या. रेडिएटरचें टोपण हें साधें झांकण नव्हे. त्यांत स्प्रिंगची झडप असते. पाणी तापून प्रसरण पावतें तेव्हां ही झडप आंतील दाब वाढूं देते. पुष्कळ गाड्यांत हा दाब बाहेरच्या हवेपेक्षां दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ०.९ किलोग्रॅम अधिक असतो. इतक्या दाबाखालीं साधें पाणी १०० अंशांऐवजीं ११८ अंशांच्या आसपास उकळतें. म्हणूनच तापलेल्या गाडीचें टोपण कधींही उघडूं नये. आंतील पाणी ११० अंशांवरही शांत असेल. पण टोपण सैल होतांच दाब उतरतो आणि तेंच पाणी क्षणांत वाफ होऊन हातातोंडावर उसळतें. वरची नळी हातास थंड लागेपर्यंत थांबावें, मग तासभर कां लागेना.

याच दाबांत आमच्या कोड्याचें उत्तर होतें. उभ्या, थंड गाडींत दाब नसतो. त्यामुळें बारीक भेग मिटलेली राहते. म्हणून गळती शोधावयाची तर थंड इंजिनांतच दाब निर्माण केला पाहिजे. गॅरेजांत त्यासाठीं कांटा बसविलेला हातपंप असतो. तो टोपणाच्या जागीं लावून आम्हीं ०.९ पर्यंत दाब चढविला आणि वाट पाहिली. पांच मिनिटांत कांटा हळूहळू खालीं आला. मुलें विजेऱ्या घेऊन शोधूं लागलीं : रेडिएटरचे सांधे, नळ्यांच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचें बारीक छिद्र. सारें कोरडें होतें. तेवढ्यांत वसतिगृहांतील एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, पुढें बसलें कीं गाडींत गोड वास येतो, पाक करपल्यासारखा." पाण्यांत मिसळतात त्या शीतक द्रवांत एथिलीन ग्लायकॉल असतें, वास त्याचाच. (हा द्रव चवीस गोड पण विषारी असतो. पालकांनीं तो मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, आणि कुत्रीं चाटतील असा जमिनीवर ओतूं नये.)

बैठक उचलून इंजिनाची मागील बाजू पाहिली. तेथें बोटभर लांबीची एक रबरी नळी होती, आणि तिच्या वांकावर हिरवट-पांढरी खपली धरलेली होती. दाब पुन्हां चढवितांच खपलीच्या कडेला मोहरीएवढा थेंब फुगला व खालीं पडला. पडला तो थेट धुराच्या लोखंडी नळावर. गाडी चालत असतां तो नळ इतका तापलेला असतो, कीं थेंब जमिनीपर्यंत पोंचतच नाहीं.

कोणी सुचविलें, कीं रेडिएटरांत मूठभर हळद टाकावी. ट्रकवाले तसें करतात, आणि आडवाटेवर घरीं पोंचण्यापुरता तो उपाय चालतोही. हळद फुगून छिद्रांत बसते. पण ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, हें कोणी सांगत नाहीं. आम्हीं नळी बदलली, दोन्ही क्लिपा नव्या घातल्या, आणि झडप अशक्त झाली होती म्हणून टोपणही बदललें. गॅस्केटच्या खर्चाचा विसावा हिस्साही लागला नाहीं.

तरी दुसऱ्या दिवशीं कांटा पुन्हां चढला ! चूक आमचीच होती : पाणी भरतांना आंत हवा अडकून राहिली होती. इंजिन निवल्यावर गाडीचें तोंड चढाकडे केलें, टोपण उघडें ठेवून इंजिन सुरू केलें, आणि पातळी उतरेल तसें पाणी घालीत गेलों. कांहीं बुडबुडे निघाले आणि थांबले. गॅस्केटचे बुडबुडे असे थांबत नाहींत.

मग टांकीवर कागदाची पट्टी चिकटवून चालकदादांनीं महिनाभर रोजची पातळी वहींत टिपली. ती रेषेवरून हालली नाहीं. ज्या चार लोकांसमक्ष मीं त्यांस बोललों होतों, त्यांच्यासमक्षच मीं त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "सर, तो वास मलाही येत होता. मला वाटलें, कोणाच्या तरी डब्यांतला असेल."