पिप की सेव्हरन्स: आधी तारखा मांडा

मॅनेजरबरोबरच्या नेहमीच्या साप्ताहिक बैठकीला एचआरची व्यक्तीही येऊन बसते आणि तुमच्यापुढे दोन पर्याय ठेवले जातात. पहिला परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅनचा, ज्याला इथे अमेरिकेत सगळे पिप म्हणतात: ३०, ६० किंवा ९० दिवसांत ठरावीक सुधारणा दाखवा, नाहीतर नोकरी संपली. दुसरा सेव्हरन्सचा: आत्ताच बाहेर पडा, काही आठवड्यांचा पगार एकरकमी घ्या. उत्तर द्यायला मोजके दिवस मिळतात. न्यू जर्सी, डॅलस, सिअ‍ॅटल आणि बे एरियात वर्षानुवर्षं राहिलेल्या मराठी घरांतून जमवलेलं हे मार्गदर्शन आहे. यांतल्या काहींनी स्वतः पिप सोसला आहे, तर काहींना मॅनेजर म्हणून तो दुसऱ्याला द्यावा लागला आहे.

भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला आधी एक गोष्ट पचवावी लागते. पुण्याच्या कंपनीत एक ते तीन महिन्यांचा नोटीस पीरियड असतो, इथे तसं काही नाही. मोंटाना सोडलं तर सगळ्या राज्यांत मालक कोणत्याही दिवशी, कारण न देता नोकरी संपवू शकतो, फक्त कारण बेकायदेशीर, उदाहरणार्थ भेदभावाचं, असता कामा नये. सेव्हरन्स देण्याची सक्तीही केंद्रीय कायद्यात नाही. म्हणून हातात आलेला कागद रागाने भिरकावू नका आणि घाबरून त्याच खोलीत सहीही करू नका. ‘वाचून, वकिलाला दाखवून कळवतो’ एवढंच म्हणा. असं म्हणणं इथे कुणाला उद्धट वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल तर डॉलरांच्या आधी दिवस मोजा. नोकरी संपल्यावर इथे राहून पुढची सोय करायला तुम्हाला जास्तीत जास्त सलग ६० दिवसांची मुदत मिळते आणि आय-९४ वरची राहण्याची तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढीच. राजीनामा दिला काय किंवा काढून टाकलं काय, ही मुदत सारखीच. ती साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. सेव्हरन्सचे पैसे मिळाले म्हणून ती वाढत नाही. आठ आठवड्यांचा पगार खात्यात आला तरी व्हिसाच्या दृष्टीने तुम्ही त्या आठ आठवड्यांत नोकरीत नसता.

समजा ५ मार्चला सेव्हरन्सवर सही केली आणि तोच शेवटचा दिवस ठरला, तर मुदत ४ मेपर्यंत. त्याऐवजी ६० दिवसांचा पिप घेतला, तो पूर्ण चालला आणि शेवटी नोकरी गेली, तर मुदत ३ जुलैपर्यंत जाते. त्यातले पहिले दोन महिने पगार, विमा आणि कायदेशीर दर्जा तिन्ही शाबूत असतात. शिवाय नव्या कंपनीला ‘सध्या नोकरीत आहे’ हे खरं उत्तर देता येतं. नव्या मालकाचा अर्ज मुदतीत दाखल झाला की मंजुरीची वाट न पाहता तिथे काम सुरू करता येतं. इथे एक सावधगिरी हवी. पिप ९० दिवसांचा लिहिलेला असला तरी कंपनी तो तीन आठवड्यांतही संपवू शकते, आणि तेव्हा सेव्हरन्स मिळेलच असं नाही. म्हणून ‘पिप अपयशी ठरला तर काय द्याल?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा आणि उत्तर लेखी मागा.

पिप खरा आहे की नुसती कागदपत्रांची पूर्तता, हे बऱ्याच अंशी वाचून कळतं. ‘अमुक सेवा अमुक तारखेपर्यंत सुरू करा’, ‘प्रलंबित तक्रारी इतक्यांवर आणा’ असं मोजता येणारं उद्दिष्ट असेल तर नोकरी वाचण्याची शक्यता आहे. ‘ओनरशिप दाखवा’, ‘कम्युनिकेशन सुधारा’ एवढंच लिहिलेलं असेल तर यशाचा निकाल पूर्णपणे मॅनेजरच्या मनावर राहतो. ज्यांनी स्वतः पिप दिले, त्यांनी आणखी एक खूण सांगितली: पुढच्या तिमाहीच्या नियोजनात तुमच्या नावावर काम आहे का ते बघा. नसेल तर निर्णय झालेला आहे. तरीही बहुतेकांचा सल्ला असा, आणि आमचंही मत तेच, की व्हिसावर असाल आणि दुसरी नोकरी हातात नसेल, तर पिप घ्या, त्यातलं काम नीट करा आणि पहिल्या दिवसापासून नोकरी शोधा. पिप जिंकणं हे ध्येय ठेवू नका. तो पार करूनही बोनस किंवा दुसऱ्या टीममध्ये बदली अडल्याचे अनुभव आहेत.

उलट ग्रीन कार्ड हाती असेल, किंवा नव्या नोकरीचं पत्र आलेलं असेल, तर पैसे घेऊन मोकळं व्हावं. तब्येत खालावत असेल, झोप उडाली असेल, तेव्हाही. फक्त कंपनीने देऊ केलेले शेअर कोणत्या तारखेला व्हेस्ट होतात, म्हणजे तुमच्या मालकीचे होतात, ते आधी पाहा. दोन आठवड्यांच्या फरकाने मोठी रक्कम जाऊ शकते आणि शेवटचा दिवस पुढे ढकलण्याची विनंती कंपन्या बरेचदा ऐकतात. एकरकमी पैशाऐवजी तेवढे दिवस पगारावर ठेवा, असंही मागता येतं. काम न करता पगारावर राहिलेले दिवस व्हिसासाठी धरले जातील का, हे मात्र वकिलालाच विचारा. तो वकील तुमचा हवा, कंपनीचा नको. कंपनीचा वकील कंपनीचं हित पाहतो.

सेव्हरन्सच्या रकमेतून केंद्रीय कर सहसा २२ टक्के दराने कापतात, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर. करारावरची रक्कम आणि हातात पडणारी रक्कम वेगळी असते. त्या करारात कंपनीवर दावा करण्याचा हक्क तुम्ही सोडता. तुमचं वय ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर वयाच्या भेदभावाचा हक्क सोडण्याआधी १९९० च्या कायद्याप्रमाणे किमान २१ दिवस विचाराला आणि सहीनंतर ७ दिवस माघार घेण्याला मिळतात.

घरात बाळंतपण जवळ आलं असेल, तर विम्याचा प्रश्न पगारापेक्षा मोठा ठरतो. कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो की त्या महिन्याच्या अखेरीला, हे लगेच विचारा. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत कोब्रा कायद्याखाली तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण हप्ता पूर्ण तुम्ही भरायचा, तोही १०२ टक्क्यांपर्यंत. आजवर पगारातून थोडेसेच कापले जात होते, त्यामुळे हा आकडा पाहून धक्का बसतो. निवड कळवायला ६० दिवस असतात. आईबाबा तिकिटं काढून बसलेले असतील तर त्यांनाही परिस्थिती सांगा. पिप लागल्याचं नवऱ्यापासून किंवा बायकोपासून लपवून आठवडे काढणारी माणसं आम्हाला माहीत आहेत. त्या आठवड्यांत घरातलं दुसरं माणूस अर्ज करू शकलं असतं, खर्च आवरू शकलं असतं, ओळखीत शब्द टाकू शकलं असतं. यात लाज बाळगण्यासारखं काहीच नाही.

लॅपटॉप परत जाण्याआधी पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२ (वार्षिक पगार आणि कराचा दाखला), आय-७९७ (व्हिसा अर्जाच्या मंजुरीची सूचना) यांच्या प्रती आणि अनुभवपत्र स्वतःकडे ठेवा. पावत्या नव्या अर्जाला लागतातच. कंपनीच्या कामाच्या फायली मात्र खासगी ईमेलवर पाठवू नका, त्यावरून सेव्हरन्स रद्द होऊ शकतो. ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर कंपनीने तो मागे घेतला तरी एवढ्याने मंजुरी जात नाही आणि रांगेतली तुमची तारीख टिकते. मंजुरीला १८० दिवस पूर्ण व्हायला थोडेच उरले असतील, तर पिप घेण्याचं ते एकटंच पुरेसं कारण आहे. शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या कामाच्या परवान्यावर, असलेल्यांचा हिशेब वेगळा आहे: एकूण ९० दिवस बेरोजगारी चालते, स्टेम मुदतवाढ असेल तर १५०.

नोकरी गेलीच आणि चाळिसाव्या दिवसापर्यंत नव्या मालकाचा अर्ज दाखल झाला नाही, तर बी-२ या पर्यटक दर्जासाठी, किंवा जोडीदार स्वतः एच-वन-बीवर असेल तर एच-४ या अवलंबितांच्या दर्जासाठी, अर्ज तयार करायला घ्या. तो मुदत संपण्याआधी दाखल झाला पाहिजे. निकाल येईपर्यंत इथे राहता येतं, काम करता येत नाही. जोडीदार तुमच्यामुळे एच-४ वर असेल, तर त्याचा किंवा तिचा दर्जा आणि कामाचा परवानाही तुमच्या दर्जावरच उभा आहे. त्यामुळे दोघांची आणि मुलांची कागदपत्रं एकत्रच वकिलाकडे न्या.